मुंबईतील संगीतसभास्थाने

मुंबई शहरात श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष गायन-वादन ज्या वास्तूंमध्ये व मोकळ्या जागांमध्ये होत आले, त्यांना येथे संगीतसभास्थाने म्हटले आहे. त्यांत केवळ संगीतासाठी बांधलेली सभागृहे थोडी आहेत. नाट्यगृहे, शाळा-महाविद्यालयांचे चौक, ज्ञातिसंस्थांची कार्यालये, चाळींमधील पटांगणे, उपाहारगृहे व उत्सवमंडप यांची संख्या त्यांच्याहून पुष्कळ मोठी आहे. हिंदुस्थानी, कर्नाटक व पाश्चात्त्य या तिन्ही संगीतपद्धतींचा, तसेच नाट्यसंगीत, लावणी, शाहिरी, भजन, जाझ व रॉक या प्रकारांचा कायमचा श्रोतृवर्ग या शहरात आहे. त्यामुळे सभास्थानांचे वैविध्यही येथे मोठे आहे.

उत्तम सभास्थानाची लक्षणे : चांगले सभास्थान कोणते हे ठरविताना आसनसंख्या व सजावट यांपेक्षा ध्वनिकीचा विचार आधी करावा लागतो. गायकाचा आवाज श्रोत्यापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. एक थेट, आणि दुसरी भिंती, छत व जमीन यांवरून परावर्तित होऊन. मूळ ध्वनी थांबल्यावरही परावर्तित ध्वनी काही काळ घुमत राहतो. यास निनाद म्हणतात. निनादाचा काळ सभागृहाच्या घनफळावर आणि आतील पृष्ठभागांच्या ध्वनिशोषक गुणावर अवलंबून असतो, हे वॉलेस क्लेमेंट सेबाइन (१८६८–१९१९) या अमेरिकन भौतिकीविज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. भाषणासाठी सु. १ सेकंदाचा निनाद पुरेसा होतो, तर मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी सु. २ सेकंदांचा निनाद इष्ट मानला जातो. ख्यालगायनाची गरज या दोहोंहून वेगळी आहे. तानपुऱ्याच्या स्वरांना भरीवपणा येण्यासाठी थोडा निनाद हवा असतो. परंतु तो फार झाला, तर द्रुत ताना आणि तबल्याचे बोल एकमेकांत मिसळून अस्पष्ट होतात. शिवाय गायकाला श्रोत्याची दाद ऐकू यावी लागते आणि दिसावीही लागते. म्हणूनच गाद्या-तक्के घातलेला, शे-दोनशे माणसे मावतील असा दिवाणखाना हे ख्यालाचे स्वाभाविक स्थान ठरले. मोठ्या सभागृहात ध्वनिवर्धक अपरिहार्य होतो व मग वास्तूच्या गुणांइतकाच ध्वनिवर्धक हाताळणाऱ्याच्या कानालाही महत्त्व येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात मुंबईत शास्त्रोक्त संगीत मुख्यतः धनिकांच्या हवेल्यांत, मंदिरांत व कलावंतिणींच्या माड्यांवर होत असे. १८७० मध्ये कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी समाजात गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली आणि प्रतिष्ठित घरांतील मंडळींना संगीत शिकण्याची व ऐकण्याची नवी सोय झाली. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे १८८४ मध्ये या मंडळीत दाखल झाले. सु. १८९० पासून छज्जूखाँ, नजीरखाँ व खादिम हुसेनखाँ हे बंधू भेंडीबाजार भागात स्थायिक झाले व त्यांच्या गायकीस त्या वस्तीचेच नाव मिळाले. विष्णू दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी लाहोरच्या गांधर्व महाविद्यालयाची (१९०१) शाखा १९०८ मध्ये मुंबईत सुरू केली. तिकीट काढून आलेल्या सामान्य श्रोत्यांपुढे शिस्तबद्ध जलसा करण्याची प्रथा रुजविण्यात पलुसकरांचा वाटा मोठा आहे. पुढे कर्जापायी मुंबईतील विद्यालयाची वास्तू त्यांच्या हातून गेली. संगीतासाठी उभारलेली वास्तू टिकविणे या शहरात किती कठीण आहे, याचे हे एक जुने उदाहरण होय.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरगाव हे मुंबईतील संगीताचे केंद्र होते. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचे अखेरचे वास्तव्य मुंबईतच होते. केसरबाई केरकर (१८९२–१९७७), मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांसारख्या गोमंतकातून आलेल्या गायिकांनी याच शहरात आपली विद्या पूर्णत्वास नेली. ट्रिनिटी क्लबात गवई, वादक व जाणकार श्रोते यांचा रोजचा राबता असे. लक्ष्मीबाग, ब्राह्मणसभा इ. ठिकाणच्या बैठकींना उपस्थित राहणे हे गिरगावातील संगीतशिक्षणाचेच एक अंग होते. बी. आर्. देवधर यांनी १९२५ मध्ये स्थापिलेले स्कूल ऑफ इंडियन म्यूझिक हे अशाच देवघेवीचे स्थान ठरले. नाना घराण्यांचे गवई तेथे येऊन गात आणि विद्यार्थी त्यांना जवळून ऐकत. १९३६ मध्ये काँग्रेस हाउसच्या आवारातील जिना हॉलमध्ये भरलेल्या संगीतपरिषदेत कुमार गंधर्व (१९२४–९२) हे बालवयात गायिले. त्या गायनाने थक्क झालेल्या श्रोत्यांत नामवंत गवईही होते. पुढे त्यांनी देवधरांकडे शिक्षण घेतले.

चाळी, उत्सवमंडप व गिरणगाव : मुंबईतील बहुसंख्य लोकांनी उत्तम संगीत प्रथम ऐकले ते सभागृहात नव्हे, तर रस्त्यावर. केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या धर्तीवर गिरगाव, दादर, परळ व पार्ले येथे उत्सव सुरू झाले. दहा दिवसांच्या कार्यक्रमांत एखादी रात्र नामांकित गायकाच्या बैठकीसाठी राखून ठेवण्याची रीत पडली. लाकडी मंच, समोर सतरंज्या, दुतर्फा चाळींच्या गॅलऱ्यांत दाटीने उभी असलेली बिऱ्हाडे, अशी ही रंगमंडपाची रचना असे. येथे तिकीट नसे व उत्तररात्रीपर्यंत उठण्याची घाईही नसे. ज्यांच्याकडे ग्रामोफोन घेण्याइतका पैसा नव्हता, अशा पिढ्यांचा कान या मंडपांत तयार झाला.

गिरणगावातील संगीताचे स्वरूप वेगळे होते. कोकण व देश या भागांतून आलेल्या कामगारांची भजनी मंडळे खोल्याखोल्यांतून होती. लालबागचे हनुमान थिएटर हे तमाशा व लावणीचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध होते. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकातून अमर शेख, अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांनी शाहिरीला कामगारांच्या मैदानी सभांत नेले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे परळ येथील दामोदर नाट्यगृह (१९२२) हे कामगार रंगभूमीचे व तिच्याबरोबर लोकसंगीताचे आश्रयस्थान झाले. १९८२ च्या गिरणी संपानंतर हा श्रोतृवर्गच विखुरला. दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा लोककलावंतांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. त्यांचा आक्षेप जुनी इमारत जाण्यापेक्षाही, परवडणाऱ्या भाड्याची जागा जाईल या भीतीपोटी होता.

पाश्चात्त्य संगीत व जाझ : जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधलेले कावसजी जहांगीर सभागृह (१९११) हे अनेक वर्षे पाश्चात्त्य अभिजात संगीताचे, तसेच सार्वजनिक सभांचे स्थान होते. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचे पुत्र झुबिन मेहता (जन्म १९३६) पुढे जगप्रसिद्ध वाद्यवृंदसंचालक झाले. बाँबे चेंबर ऑर्केस्ट्रा १९६२ मध्ये उभा राहिला. कावसजी जहांगीर सभागृहाच्या वास्तूत १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे.

ताजमहाल हॉटेलच्या (१९०३) नृत्यशाळेत लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा जाझवृंद १९३५ मध्ये आला. त्यानंतरच्या दशकात अशा वादकांच्या सहवासात गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो शाव्हियर वाझ हे तिच्यातील अग्रगण्य वादक होते. धोबीतलाव परिसरातील गोमंतकीय गावांच्या क्लबांतून राहणारे हे कलाकार दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास व रात्री हॉटेलांत वाजवीत. कर्नाटकी वा हिंदुस्थानी रागांवर बेतलेल्या चित्रपटगीतांना पाश्चात्त्य स्वरसंवादाची जोड मिळाली ती या दुहेरी चाकरीतून. चर्चगेट भागातील उपाहारगृहांत १९५० व १९६० च्या दशकांत रोज वाद्यवृंद असत. क्रिस पेरी व लॉर्ना यांचे कोंकणी संगीत येथेच घडले. पुढे ध्वनिमुद्रित संगीताचा प्रसार झाला, वाद्यवृंद पोसणे मालकांना परवडेनासे झाले आणि ही परंपरा ओसरली.

रॉयल ऑपेरा हाउस : मॉरिस बँडमन व जहांगीर फ्रामजी कराका यांच्या योजनेनुसार गिरगावच्या टोकाशी ही वास्तू बांधण्यात आली. बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीच १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. बरोक शैलीचा दर्शनी भाग, तीन मजली प्रेक्षागार आणि बाजूच्या राखीव कक्षिका ही तिची वैशिष्ट्ये होत. ऑपेराबरोबरच बालगंधर्वांसारख्या नटांची संगीत नाटके येथे झाली. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचविणारी वास्तू म्हणून तिची ख्याती होती. कालांतराने ती चित्रपटगृह झाली. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ती विकत घेतली व १९९३ मध्ये ती बंद पडली. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये, मुंबईत जन्मलेल्या गायिका पट्रिशिया रोझारियो यांच्या गायनाने ती पुन्हा खुली झाली. या कार्यास २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसासंवर्धन योजनेतील पुरस्कार मिळाला. सु. ५७५ आसनांचे हे सभागृह आवाजाचा मूळ पोत टिकवून ऐकण्यास सोयीच्या आकाराचे आहे.

षण्मुखानंद सभागृह : माटुंगा व शीव येथे वसलेल्या दाक्षिणात्य समाजाने १९५२ मध्ये श्री षण्मुखानंद ललित कला व संगीत सभा स्थापन केली. सभेचे किंग्ज सर्कलजवळचे भव्य सभागृह १९६३ मध्ये उभे राहिले. १९९० मध्ये आगीत त्याची मोठी हानी झाली. सभासद व रसिक यांच्या साहाय्याने ते पुन्हा बांधण्यात आले. त्याची आसनसंख्या २,७६३ असून शहरातील मोठ्या बंदिस्त सभागृहांत त्याची गणना होते. कर्नाटक संगीताचे मद्रासबाहेरील एक प्रमुख पीठ म्हणून त्याचे महत्त्व आहेच. शिवाय हिंदुस्थानी संगीताच्या मोठ्या सभाही येथे भरतात. तबलावादक अल्लारखाँ यांच्या स्मृतिदिनी, ३ फेब्रुवारीस, त्यांचे पुत्र झाकिर हुसेन (१९५१–२०२४) यांनी सुरू केलेली तालवाद्यांची दिवसभराची सभा भल्या पहाटे सुरू होत असे व तिच्यासाठी श्रोते अंधारातच रांगा लावीत. एवढ्या विस्तारात ध्वनिवर्धकाविना ऐकणे अशक्य असल्याने येथील श्रवणाची प्रत कार्यक्रमागणिक बदलते.

नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌स : जे. आर्. डी. टाटा व जमशेद भाभा यांच्या प्रयत्नांतून ही संस्था १९६० च्या दशकात स्थापन झाली. नरिमन पॉइंट येथे समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर तिचे संकुल आहे. संगीताच्या दृष्टीने त्यातील टाटा थिएटर (१९८०) विशेष अभ्यसनीय आहे. अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ फिलिप जॉन्सन आणि ध्वनिकीतज्ञ सिरिल हॅरिस यांनी ते आखले. व्यासपीठापुढे पंख्याप्रमाणे पसरलेल्या १,०१० आसनांची योजना, श्रोत्यांचे व्यासपीठापासून कमी अंतर आणि ध्वनी सर्वत्र विखुरणारे पैलूदार छत यांमुळे ध्वनिवर्धकाशिवायही आवाज पोहोचावा, अशी कल्पना होती. सतारीसारख्या वाद्याचा सूक्ष्म मींडकाम येथे मूळ नादासह ऐकता येतो. प्रत्यक्षात मात्र ध्वनिवर्धकाच्या सवयीमुळे अनेक कलाकार तो घेतातच. १,१०९ आसनांच्या जमशेद भाभा थिएटरला बांधकाम चालू असताना १९९७ मध्ये आग लागली. १९९९ मध्ये ते खुले झाले. ऑपेरा व पूर्ण वाद्यवृंद यांना सामावून घेणारे हे सभागृह २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे घर आहे. लिटल थिएटर व एक्सपेरिमेंटल थिएटर ही लहान दालने नवोदितांना उपयुक्त ठरली आहेत. दक्षिण टोकावरील स्थान व उपनगरांत राहणारा श्रोता यांतील अंतर ही या संकुलाची कायमची अडचण आहे. सभा रंगात आली की शेवटच्या गाडीच्या चिंतेने श्रोते उठू लागतात, हे दृश्य मुंबईकरांच्या परिचयाचे आहे.

उपनगरांतील केंद्रे : वस्ती उत्तरेकडे सरकली, तसे संगीतही सरकले. दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, खार-सांताक्रूझ भागातील सबर्बन म्यूझिक सर्कल, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ (१९२३) यांसारख्या संस्थांनी सभासदांच्या वर्गणीवर नियमित बैठकी चालविल्या. प्रभादेवीचे रवींद्र नाट्यमंदिर, पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह इ. नाटकांसाठी बांधलेल्या वास्तूंत सुगम व शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम होतात. जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’ यांच्या स्मरणार्थ चिंतामण रघुनाथ व्यास यांनी १९७७ मध्ये सुरू केलेले गुणीदास संगीत संमेलन ही या काळातील एक महत्त्वाची परंपरा होय.

खुली सभास्थाने : सेंट झेव्हियर महाविद्यालयाच्या गॉथिक शैलीतील दगडी चौकात तेथील इंडियन म्यूझिक ग्रुपचा (१९७३) जानेवारी महोत्सव भरत आला आहे. तरुण श्रोता घडविण्यात त्याचा वाटा मोठा आहे. जवळच असलेल्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या जाझ इंडिया या संस्थेने पहिली जाझ यात्रा भरविली. सनी रोलिन्ससारखे थोर वादक तेथे वाजवून गेले. १९८० च्या दशकापासून भारतीय रॉक संगीताचेही रंगभवन हेच मुख्य पीठ होते. सभोवती रुग्णालये, शाळा व न्यायालय असल्याने हा परिसर शांतता क्षेत्रात मोडतो. त्यामुळे २००३ पासून तेथील संगीतसभा थांबल्या. रुग्णांचा विसाव्याचा हक्क निर्विवाद आहे. तथापि अल्प भाड्यात काही हजार श्रोत्यांना सामावणारी दुसरी मध्यवर्ती जागा रंगभवनाच्या मोबदल्यात मिळाली नाही.

यानंतर मोठ्या जलशांनी मैदानांचा आश्रय घेतला. अंधेरीच्या क्रीडासंकुलात १९९६ मध्ये मायकल जॅक्सन यांचा कार्यक्रम झाला होता. महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर २०२३ मध्ये लोलापलूझा हा महोत्सव भरला, तर २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले या वृंदाचे कार्यक्रम नवी मुंबईत नेरूळच्या क्रीडांगणावर झाले. अशा ठिकाणी संगीताइतकाच जनसमुदायात असण्याचा अनुभव महत्त्वाचा असतो.

गिरण्यांची आवारे व नवी सभागृहे : बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागी उपाहारगृहे व कार्यालये आली. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातील ब्लू फ्रॉग (२००७–१६) हे ठिकाण केवळ प्रत्यक्ष संगीतासाठी आखलेले होते. स्वतःची गीते रचून गाणाऱ्या तरुण वृंदांना त्याने नियमित व्यासपीठ दिले. ते बंद झाल्यावर तशी लहान ठिकाणे अन्यत्र निघाली. परंतु खाद्यपेयांच्या विक्रीवर चालणाऱ्या जागेत संगीत दुय्यम ठरण्याचा धोका असतोच. वांद्रे-कुर्ला संकुलात ३१ मार्च २०२३ रोजी नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. त्यातील मुख्य सभागृहात सु. २,००० आसने असून २५० व १२५ आसनांची दोन लहान दालनेही आहेत.

वेळेचे बंधन व त्याचे परिणाम : केंद्र शासनाच्या ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियमांनुसार (२०००) रात्री १० ते सकाळी ६ या काळात मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक वापरता येत नाही. राज्य शासनास वर्षातून अधिकाधिक १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीचे हे बंधन कायम ठेवले. निवासी भागात रात्रीची ध्वनिपातळी ४५ डेसिबेल, तर शांतता क्षेत्रात ४० डेसिबेल एवढीच अनुज्ञेय आहे. दाट वस्तीच्या शहरात हे नियम आवश्यक होते, याविषयी दुमत नसावे.

हिंदुस्थानी संगीतावर मात्र त्यांचा परिणाम खोल झाला. या पद्धतीत राग प्रहरांना बांधलेले आहेत. पूर्वीच्या रात्रभराच्या बैठकीत यमनापासून आरंभ होऊन दरबारी कानडा, मालकंस, सोहनी या क्रमाने गायन पुढे सरके आणि उजाडताना ललित वा भटियार ऐकावयास मिळे. रात्री १० वाजता सभा संपू लागली, तेव्हा उत्तररात्रीचे राग सभेतून जवळजवळ हद्दपार झाले किंवा संध्याकाळीच गाइले जाऊ लागले. पहाटेच्या रागांसाठी आयोजकांनी सकाळच्या सभांचा मार्ग काढला. ‘प्रातःस्वर’ या नावाने होणाऱ्या सभांसारखे उपक्रम त्यामुळे लोकप्रिय झाले. मध्यरात्रीच्या रागांना असा पर्याय केवळ बंदिस्त सभागृहातच मिळू शकतो. तेथे भाडे, कर्मचाऱ्यांची वेळ व परतीचे वाहन या अडचणी उभ्या राहतात.

सद्यःस्थिती : मुंबईत आज मोठ्या सभागृहांची उणीव पूर्वीइतकी नाही. उणीव आहे ती शंभर ते तीनशे श्रोत्यांच्या, अल्प भाड्याच्या, चांगल्या ध्वनिकीच्या जागांची. जमिनीच्या किमतींमुळे अशा जागा पुनर्विकासात प्रथम नाहीशा होतात. गिरगावातील कित्येक दिवाणखाने व चाळींचे चौक असेच गेले. मोठे सभागृह प्रस्थापित कलाकाराला लागते. नवोदिताला आधी लहान सभा मिळावी लागते. कारण चुका करून शिकण्याची आणि जाणत्या श्रोत्याच्या नजरेला नजर देऊन गाण्याची संधी तेथेच मिळते. खाजगी घरांतून व गच्च्यांवर पुन्हा सुरू झालेल्या छोट्या बैठकी ही उणीव काही अंशी भरून काढीत आहेत. गृहसंस्थांची सभागृहे, शाळांची दालने व ग्रंथालये यांना किरकोळ ध्वनिकीय सुधारणांची जोड दिल्यास, उदा., जाड पडदे, लाकडी तक्तपोशी व गोंगाट न करणारे पंखे, त्यांचेही चांगल्या सभास्थानांत रूपांतर होऊ शकेल. या शहराची संगीतपरंपरा मुळात अशाच साध्या जागांतून वाढली आहे.